खंडाच्या रानातली पानं

मांडे या पदार्थावर मी पहिलं वेबपान लिहिलं ते २००१ च्या सुमारास, बेळगावातल्या एका सायबर कॅफेत बसून. मैद्याची पोळी हातांवर वाढवत न्यायची, पालथ्या तापल्या भांड्यावर टाकायची, वर पिठीसाखर भुरभुरायची आणि गरम आहे तोवर घडी घालायची, नाहीतर मोडते. सांगायचं होतं ते एवढंच. दुसऱ्या दिवशी कॅफेवाल्या काकांनी ते पान दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं आणि मला हाक मारली, "काय लिवलंय हे? कळंना की!" पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी होती. ज्या मशीनवर शिवाजी फॉन्ट होता, मराठी तिथेच दिसायची.

एक विषय धरून एक पान लिहिण्याच्या छंदाचा इतिहास आमच्याकडे असा अक्षरांपासून सुरू होतो. जगात तो जागेपासून झाला.

खरं तर ही सवय इंटरनेटच्या कितीतरी आधीची आहे. एका देवस्थानाचं एक माहात्म्य, एका लढाईची एक बखर, हे आपल्याला नवं नाही. सीमाभागात त्यात भर पडली स्मरणिकांची. कडोली, उचगाव, येळ्ळूर, बेळगुंदी या गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात. संमेलन म्हटलं की स्मरणिका आली आणि स्मरणिका म्हटली की गावचं देऊळ, गावची तालीम, गावची शाळा यांवर एकेक लेख आला. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर हा मुलूख आधी म्हैसूर राज्यात आणि पुढे कर्नाटकात राहिला. आपलं आपणच लिहून ठेवायची ही खोड त्यामुळे जास्तच मुरली असावी, असं मला वाटतं. विषयांना तर तोटाच नाही. बेळगावच्या किल्ल्यातली १२०४ ची कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, घ्या, हलशीची कदंबकालीन देवळं घ्या, निपाणीचा तंबाखू घ्या, नाहीतर कुंदा.

सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये जगासमोर ठेवलेलं पहिलं वेबपान तरी काय होतं? तेही एकाच विषयावरचं, वेब म्हणजे काय ते सांगणारं. ३० एप्रिल १९९३ ला सर्नने हे तंत्र सगळ्यांना फुकट मोकळं केलं. १९९४ च्या अखेरीस पुढे जिओसिटीज झालेली कंपनी निघाली आणि हौशी लोकांना फुकट जागा मिळू लागली. तिथे विषयवार आळ्या होत्या, खाण्यापिण्याची आळी नापा व्हॅली या वाइनच्या खोऱ्याच्या नावाची. आमचे मांडे तिथेच जाऊन बसले असते. पण १९९९ मध्ये याहूने कंपनी घेतली आणि आळ्या मोडल्या. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, तेही आधी मोठ्या शहरांत. आम्ही पोचलो तोवर पंगत अर्धी उठली होती.

अक्षरांचं दुखणं हळूहळू बरं झालं. १९९८ मध्ये शेषाद्रिवासु चंद्रशेखरन यांनी कन्नडसाठी 'बरह' नावाचं सॉफ्टवेअर काढलं. बरह म्हणजे लेखन. पुढे त्यात देवनागरीही आली, आणि भाषेवरून मोर्चे निघणाऱ्या या गावात मी मराठी टाइप करायला शिकलो ते कन्नड नावाच्या सॉफ्टवेअरवर. मग युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर अक्षर तेच राहील अशी पद्धत. विंडोज एक्सपीमध्ये त्यासाठी मूळ सीडी घालून वेगळ्या फाइली चढवाव्या लागत. ती सीडी कुणाकडेच नसे. एवढं करूनही 'ऱ्य' काही नीट येईना. माझ्या पानावर लग्नघरचे मांडे कितीतरी दिवस 'आचार्यांनी' केले. आचाऱ्यांना एवढा मान पूर्वी कधी मिळाला नसेल.

अक्षरं सुधारली आणि जागा गेली. २६ ऑक्टोबर २००९ ला याहूने जिओसिटीज बंद केलं. काही हौशी मंडळींनी शेवटच्या महिन्यांत जमतील तेवढी पानं उतरवून घेतली, बाकीची गेली. खंडाने रान कसणाऱ्याला हे सांगायला नको: नांगरट आपली, खत आपलं, आणि मालकाच्या मनात आलं की बांधाबाहेर.

मधल्या काळात अर्धेलीवाले मालकही आले. स्क्विडू हे संकेतस्थळ, २००५, अमेरिकी लेखक सेठ गोडिन यांचं. एका विषयाला एक पान, त्याला ते 'लेन्स' म्हणत. जाहिरातींतून येणाऱ्या पैशातला निम्मा वाटा लिहिणाऱ्याला, पाच टक्के दानधर्माला, उरलेला कंपनीला. वाटा आला तशी पानंही घाऊक झाली. न चाखलेल्या पदार्थांवर आणि न पाहिलेल्या गावांवर लोक लिहू लागले. २०११ मध्ये गूगलने शोधाची पद्धत बदलून असली उथळ पानं मागे ढकलली. नोल हे गूगलचं स्वतःचं असंच लेखांचं ठिकाण २०१२ मध्ये मिटलं, तर स्क्विडू २०१४ मध्ये हबपेजेस या तशाच संकेतस्थळाच्या पोटात गेलं. मराठीला यातलं फारसं काही लाभलं नाही आणि बाधलंही नाही. हिंदी पानांना गूगलच्या जाहिराती मिळायला डिसेंबर २०१४ उजाडला, मराठीला त्याहून उशीर. पैसाच नव्हता, म्हणून आमच्याकडे हा छंद छंदच राहिला.

त्याच वर्षी, १ नोव्हेंबरला, बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. पान लिहिणाऱ्याला यात राजकारणापलीकडचीही एक अडचण आहे: शोधणारा कुठलं नाव टाकेल? जुना माणूस 'बेळगांव' असं अनुस्वार देऊन लिहितो, पोरं अनुस्वाराविना, सरकारी कागद तिसरंच. मी पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत तिन्ही लिहून ठेवली आहेत.

मांड्यांचं पान आता चौथ्या जागी आहे. पहिल्या जागेवरचं काहीच उरलं नाही, फक्त एक छापील प्रत आहे. ती आत्याने पिठाच्या डब्याखाली घडी करून ठेवली होती, आणि तिच्यात साखरेच्या मापाशेजारी तिच्या हातची पेन्सिलीची दुरुस्ती आहे. चौथ्या पानात मी ते माप घेतलं.