पंधरा हजार किलोमीटर, पण कुठल्या वाटेने?

सिंगापूरहून न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कला जायला विमानाला किती अंतर कापावं लागतं, हे कागद-पेन्सिल घेऊनही काढता येतं. सिंगापूरचा विमानतळ साधारण १०४ अंश पूर्व रेखांशावर, नेवार्कचा ७४ अंश पश्चिम रेखांशावर. बेरीज १७८, म्हणजे अर्ध्या वर्तुळाला दोनच अंश कमी. त्यामुळे या दोघांमधली सर्वांत जवळची वाट उत्तर ध्रुवाला जवळजवळ खेटून जाते. सिंगापूर विषुववृत्तापासून १.४ अंशांवर, म्हणून तिथून ध्रुव ८८.६ अंश; नेवार्क ४०.७ अंशांवर, तिथून ध्रुव ४९.३ अंश. एकूण १३७.९. एका अंशाला १११ किलोमीटर धरले की झाले सुमारे १५,३०० किलोमीटर. संगणकाने काटेकोर काढलेलं अंतरही यापासून पन्नास किलोमीटरच्या आतच असतं. भिंतीवरच्या सपाट नकाशात ही वाट दिसत नाही, कारण तिथे ध्रुवाचा एक बिंदू ताणून अख्खी वरची कड केलेली असते.

गंमत पुढेच आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये सिंगापूर एअरलाइन्सने ही थेट सेवा पुन्हा सुरू केली, तेव्हा जाहीर केलेलं अंतर होतं सुमारे १६,७०० किलोमीटर आणि वेळ पावणेएकोणीस तासांपर्यंत. चौदाशे किलोमीटरचा हा वळसा वाऱ्यासाठी.

विषुववृत्ताकडची हवा उबदार, ध्रुवाकडची थंडगार. या तफावतीमुळे आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारा वाऱ्याचा पट्टा तयार होतो. हा जेट स्ट्रीम. हिवाळ्यात त्याचा वेग ताशी दोनशे किलोमीटर सहज ओलांडतो. म्हणून सिंगापूरहून निघालेलं विमान अनेकदा पॅसिफिकवरून पूर्वेला जातं, आणि परतताना अटलांटिक-युरोपवरून येतं, तेही पूर्वेलाच. प्रवाशाची नकळत पृथ्वीप्रदक्षिणा होते!

फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. एरवी याला सहा-सात तास लागतात. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग काही वेळ ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. तरी ते ध्वनीपेक्षा वेगाने उडालं असं नाही. भोवतालच्या हवेच्या तुलनेत त्याचा वेग नेहमीचाच होता, हवाच त्याला पुढे नेत होती. (पृथ्वी खालून फिरते म्हणून पश्चिमेला लवकर पोहोचायला हवं, असं वाटणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की हवाही पृथ्वीबरोबरच फिरते.)

जाताना मिळालं ते येताना जाईल, हिशेब बरोबरीत सुटेल, असं वाटतं. तो सुटत नाही. ६,००० किलोमीटरचा मार्ग आणि ताशी ९०० किलोमीटर वेग घ्या. वारा नसेल तर जाऊन-येऊन १३ तास २० मिनिटं. आता ताशी १५० किलोमीटरचा वारा लावा. जाताना १,०५० च्या वेगाने ५ तास ४३ मिनिटं, येताना ७५० च्या वेगाने पूर्ण ८ तास. बेरीज १३ तास ४३ मिनिटं. तेवीस मिनिटं तोट्यातच, कारण वाऱ्याची साथ पावणेसहा तास मिळते आणि विरोध आठ तास सोसावा लागतो. तिकिटावरच्या वेळेत यात धावपट्टीपर्यंत सरकणं, रांगेत थांबणं आणि उतरल्यावर फाटकाशी लागणंही धरलेलं असतं, ते वेगळंच.