मंडळावर नाव आणि निर्णयात हात: जर्नलमधली विविधता वेगळी, समावेश वेगळा

गेल्या महिन्यात कराडला एका चर्चासत्रात पुन्हा तेच ऐकलं. एका संशोधन जर्नलच्या संपादकांनी पडद्यावर आपल्या संपादक मंडळाची यादी लावली. नऊ राज्यं, पाच देश, निम्म्या स्त्रिया. "म्हणजे आमचं जर्नल पूर्णपणे सर्वसमावेशक आहे," असं म्हणून ते खाली बसले आणि टाळ्या पडल्या. सांगलीतल्या एका कॉलेजचं बहुभाषिक जर्नल मी अकरा वर्षं सांभाळते आहे. हे वाक्य इतक्यांदा कानावर आलंय की आता लिहूनच काढते. ती यादी विविधतेची होती. समावेशाबद्दल तिच्यातून काहीच कळत नव्हतं.

विविधता म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. कोण कोण आहे, किती आहेत, कुठून आले. हे मोजता येतं, तक्त्यात मांडता येतं. रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीच्या पुढाकाराने जून २०२० मध्ये मोठमोठे प्रकाशक यासाठी एकत्र आले. लेखक, रिव्ह्यूअर (शोधनिबंध तपासणारे तज्ज्ञ) आणि संपादकांना विचारायचे सामाईक प्रश्न २०२२ मध्ये ठरले. मोजणी हवीच, नाहीतर कोण गैरहजर आहे ते दिसणार कसं? एकच गोष्ट नोंदवून पुढे जाते. त्या प्रश्नांत लिंगभाव आहे, वंश आहे, पूर्वजांचा भूभाग आहे. जात नाही. आटपाडीचा, घरात पहिल्यांदाच कॉलेज पाहिलेला संशोधक आणि तीन पिढ्या प्राध्यापकी असलेल्या घरातला संशोधक, दोघंही 'दक्षिण आशियाई' याच चौकटीत खूण करतात.

समावेश काय असतो हे सातारकरांना तरी सांगावं लागू नये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं. त्याच्या पटावर सगळ्या जातींच्या मुलांची नावं होती, ही विविधता. ती मुलं एकत्र राहत होती, एकत्र रांधत होती, एका पंगतीला जेवत होती, हा समावेश. पटावर सगळी नावं घ्यायची आणि पंगती वेगळ्या बसवायच्या, हे त्या काळात कितीतरी सोपं होतं. भाऊरावांनी ते केलं नाही.

मग जर्नलमध्ये ही पंगत कुठे बसते? माझ्या मते तीनच ठिकाणी. पेपर, म्हणजे शोधनिबंध, आला की कुणीतरी एक संपादक तो आधी वाचतो आणि पुढे पाठवायचा की तिथूनच परत करायचा ते ठरवतो. पुढे पाठवायचा तर कोणत्या दोघांकडे, हेही कुणीतरी ठरवतं. आणि एका रिव्ह्यूअरने 'घ्या' म्हटलं, दुसऱ्याने 'नको' म्हटलं, तर कोणाचं म्हणणं ग्राह्य धरायचं हे तिसऱ्यांदा कुणीतरी ठरवतं. या तीन जागी जे बसतात ते जर्नल चालवतात. बाकी नावं वेबसाइटवर असतात.

परदेशातल्या एका जर्नलच्या मंडळावर मी चार वर्षं होते. त्या काळात मला तीन मेल आले. एक संमतीसाठी, एक फोटो मागणारा आणि एक संस्थेचं नाव बरोबर आहे का हे विचारणारा. एकही पेपर माझ्यासमोर आला नाही. त्यांच्या वार्षिक तक्त्यात मात्र भारताच्या आणि स्त्रियांच्या रकान्यात मी मोजली जात होते. मी राजीनामा दिला तेव्हा दोन्ही आकडे एकाने कमी झाले. जर्नलच्या कामात तसूभरही फरक पडला नाही.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: "पण आम्ही त्यांच्याकडून पेपर तपासून घेतो की!" मला सगळ्यात जास्त चीड याची येते. रिव्ह्यू करणं हे कष्टाचं आणि बिनपैशाचं काम आहे. रिव्ह्यूअर शिफारस करतो, निर्णय संपादकाचा असतो. राबायला बोलावलं म्हणजे कारभारात घेतलं, असा हिशेब आपल्याकडे शेतावर कुणी मांडत नाही. जर्नलमध्ये तो बिनदिक्कत मांडला जातो.

आता एक जवळचं उदाहरण. माझ्या एका सहकारी बाईंनी सांगलीजवळच्या हरिपूरच्या हळदीच्या पेवांवर पेपर लिहिला. जमिनीत खोल खणलेली ती कोठारं, त्यांत वर्षानुवर्षं टिकणारी हळद, पेव उघडल्यावर आतली कोंदट हवा जाईपर्यंत थांबण्याची रीत, २००५ च्या महापुरात त्यांत शिरलेलं पाणी. दोन वर्षांचं काम होतं. पेपर परत आला तो तीन सूचना घेऊन. शीर्षकातून गावाचं नाव काढा, आंतरराष्ट्रीय वाचकाला यात रस का वाटावा ते सांगा, इंग्रजी मातृभाषा असलेल्या कुणाकडून भाषा तपासून घ्या. त्याच जर्नलच्या त्याच वर्षीच्या अंकात युरोपातल्या एका खेड्यावर पेपर होता. त्याच्या शीर्षकात खेड्याचं नाव होतं आणि देशाचं नव्हतं. ते खेडं कुठे आहे हे वाचकाने शोधून काढावं अशी अपेक्षा होती.

त्या जर्नलच्या मंडळावर दोन भारतीय होते. त्यांतल्या एकांना मी ओळखते, म्हणून फोन केला. असा पेपर आला होता हे त्यांना माझ्याकडूनच कळलं. यादी खोटी नव्हती, माणसं खरी होती, विद्वान होती. हरिपूर म्हणजे काय, पेव म्हणजे काय, हे सांगू शकणारा माणूस घरात असून त्याला कुणी विचारलं नाही.

भाषेचंही असंच होतं. स्कोपस या जर्नलांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत जर्नल कोणत्याही भाषेतलं चालतं, पण शीर्षक आणि सारांश इंग्रजीत लागतो आणि संदर्भ रोमन लिपीत लागतात. वाईच्या 'नवभारत' मासिकातला लेख संदर्भाला घ्यायचा तर त्याचं नाव रोमनमध्ये लिहायचं. एकजण ते जोडून लिहितो, दुसरा तोडून, तिसरा मध्ये एक जादा अक्षर घालतो. एकाच लेखाचे संदर्भ तीन ठिकाणी विखुरतात. संशोधनातल्या बहुभाषिकतेसाठी २०१९ मध्ये हेलसिंकीचा जाहीरनामा निघाला, तो मला मनापासून पटतो. पण आमच्या जर्नलचीच गोष्ट सांगते. मुखपृष्ठावर 'मराठी, हिंदी, इंग्रजी' असं आम्ही छापत होतो आणि मराठी पेपर युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या प्रमाण अक्षरसंचाच्या, आधीच्या फॉण्टातच मागत होतो. पीडीएफ दिसायची देखणी, पण त्यातला 'पेव' हा शब्द कॉपी केला की भलतीच रोमन अक्षरं यायची. असा पेपर सर्चमध्ये सापडत नाही. अनेक वर्षांचं मराठी लेखन आम्ही छापलं आणि ते कुणाच्या हाती लागणार नाही अशी व्यवस्थाही केली. जुने अंक आता एकेक करून पुन्हा टाइप करून घेतोय.

बाकीचे घोळ थोडक्यात. लेखकाचं नाव झाकून रिव्ह्यू करणं चांगलंच, मी त्याच बाजूची आहे. पण मजकुरात हरिपूर आलं की लेखक कुठला ते कळतं, त्यामुळे तेवढ्याने समावेश होत नाही. आयएसएसएन हा नुसता ओळखक्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नव्हे. यूजीसीने मान्य जर्नलांची 'केअर' यादी २०२५ मध्ये बंद केल्यापासून जर्नल पारखायची जबाबदारी आपल्यावरच आहे, तेव्हा एवढं तरी लक्षात ठेवा. आणि केंद्र सरकारच्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेतून तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये खर्चून सुमारे १३,००० जर्नलं उघडली, ही मोठी सोय आहे, पण ती मुख्यतः वाचण्याची. आपला पेपर छापायला लाखांत फी मागणाऱ्या जर्नलचं दार तिने उघडत नाही.

कराडला सत्र संपल्यावर मी त्या संपादकांना एकच विचारलं. गेल्या वर्षी आलेल्या पेपरांवर पहिला निर्णय या यादीतल्या किती जणांनी घेतला? ते थांबले आणि सरळ म्हणाले, "मॅडम, तो मीच घेतो. सगळ्यांचा." प्रामाणिक माणूस आहे. आमच्याकडेही परवापर्यंत असंच होतं.

जूनपासून आमच्याकडे मराठी पेपरांचा पहिला निर्णय आटपाडीच्या एका तरुण सहसंपादक बाई घेतात. त्यांनी पेपर पुढे पाठवला तर मी अडवायचं नाही, असं लेखी ठरवलंय. पहिल्याच महिन्यात त्यांनी माणदेशातल्या चारा छावण्यांच्या हिशेबवह्यांवरचा एक पेपर पुढे पाठवला. त्यात सिद्धान्त जवळजवळ नव्हता. कोणत्या दावणीला किती जनावरं, पेंड किती, पाण्याचा टँकर कधी आला नाही, अशा नोंदी पानोपान होत्या. दोन्ही रिव्ह्यूअरनी 'घ्या' म्हटलं, आता तो दिवाळीनंतरच्या अंकात येतोय. माझ्याकडे आला असता तर मी तो पहिल्या आठवड्यातच परत केला असता.