अमेरिकेतल्या भारतीयांचा 'वंश' कोणी ठरवला?

अमेरिकेतल्या सरकारी फॉर्मवर 'एशियन इंडियन' असा रकाना असतो. ही विभागणी शास्त्राने ठरवलेली आणि पहिल्यापासूनची आहे, असं पुष्कळांना वाटतं. ही समजूत चुकीची आहे.

1920 ते 1940 च्या तीन जनगणनांमध्ये भारतीयांचा वंश 'हिंदू' लिहिला जाई. त्यातले बहुतेक होते पंजाबी शीख! त्या काळी परदेशातून आलेल्यांपैकी फक्त 'गोऱ्या' आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच नागरिकत्व मिळू शकत असे. भगतसिंग थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. तत्कालीन वंशशास्त्रानुसार आपण 'कॉकेशियन' म्हणजे गोऱ्या युरोपीयांच्याच वंशगटातले आहोत, म्हणून नागरिकत्व मिळावं, असा त्यांचा युक्तिवाद होता. 1923 साली सर्वोच्च न्यायालयाने ते शास्त्रच बाजूला ठेवलं. सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा, असा निकाल दिला. कित्येक भारतीयांचं आधी मिळालेलं नागरिकत्वही त्यानंतर काढून घेतलं गेलं. केवढा हा अन्याय! कायद्याने ते दार उघडलं 1946 मध्ये.

पुढे 1970 च्या जनगणनेत भारतीय चक्क गोऱ्यांत मोजले गेले. त्यामुळे अल्पसंख्याकांसाठीचं संरक्षण हुकत होतं, म्हणून भारतीय संघटनांनी वेगळ्या नोंदीची मागणी लावून धरली. 1977 च्या सरकारी निर्देशाने ते आशियाई गटात आले, 1980 च्या जनगणनेत स्वतंत्र रकाना मिळाला. म्हणजे 1970 पूर्वी तिकडे स्थायिक झालेल्या मराठी डॉक्टर-इंजिनिअरांचा वंश कागदोपत्री दहा वर्षांत बदलला. हे वर्गीकरण शास्त्रीय किंवा मानववंशशास्त्रीय समजू नये, असं 1977 च्या त्या निर्देशातच स्पष्ट लिहिलेलं आहे.