जुन्या बॉलिंग बॉलला जोड शोधताना: कोअर आणि कव्हर

आवडता बॉलिंग बॉल थकला, की बहुतेक खेळाडू त्याच्या कोअरचे नाव आणि छापील आकडे हाताशी घेऊन नव्या बॉलचा शोध सुरू करतात. आकडे शेजारी ठेवून ताडता येतात, त्यामुळे हे साहजिकच आहे. मात्र बॉलच्या पोटातला कोअर, म्हणजे वजनाचा गाभा, आणि बाहेरचे कव्हर यांची कामे वेगवेगळी आहेत, आणि ज्या चालीसाठी आपण त्या बॉलवर जीव लावला, तिच्यात माझ्या मते कव्हरचा वाटा मोठा असतो.

कव्हर लेनला प्रत्यक्ष टेकते. फाउल लाइन, म्हणजे जिथून बॉल टाकतात ती रेषा, तिथपासून पहिल्या पिनपर्यंतच्या 60 फुटांत बॉल लेनला लावलेल्या तेलावरून किती घसरेल आणि पुढे कोरड्या भागात कशी पकड घेईल, हे प्रामुख्याने कव्हरचे रसायन आणि त्यावरचा खरखरीतपणा यांवर अवलंबून असते. पॉलिएस्टर बरेचसे सरळ जाते. युरेथेन लवकर पकड घेऊन संथ, गोलाईदार वळण देते. तर 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला रुळलेले रिअ‍ॅक्टिव्ह रेझिन तेलावर घसरते आणि कोरड्या भागात पोहोचताच जोराने वळते. त्याच कव्हरवर 500 ग्रिटचा घासण्याचा पॅड (ग्रिटचा आकडा लहान तितका पॅड खरखरीत) फिरवला तर बॉल लवकर पकडतो, 4000 ग्रिटचा फिरवला तर उशिरा, आणि या सगळ्यात कोअर जसाच्या तसा राहिलेला असतो.

कोअरचे काम आतल्या वजनाच्या मांडणीचे. आरजी हा आकडा वजन केंद्रापासून किती दूर पसरले आहे ते सांगतो; युनायटेड स्टेट्स बॉलिंग काँग्रेसच्या नियमांनुसार तो 2.46 ते 2.80 इंचांच्या दरम्यान असावा लागतो, आणि तो जितका कमी तितकी बॉलची फिरकी लवकर सुरू होते. डिफरन्शियल, ज्याची कमाल मर्यादा 0.060 इंच आहे, बॉल फिरताना त्याचा अक्ष किती सरकू शकेल ते दाखवतो. अक्ष सरकला की प्रत्येक फेऱ्यात तेल न लागलेला नवा पट्टा लेनला टेकतो. म्हणजे कोअरचा हा परिणामही लेनपर्यंत पोहोचतो तो कव्हरमधूनच.

हे डोळ्यांनी पाहता येते. ताज्या तेलावर बॉल टाकून तो परत आल्यावर लगेच पुसू नका. त्याच्या अंगावर तेलाची बारीक वर्तुळे दिसतील, दोन ठिकाणी एकमेकांना छेदणारी आणि मध्ये पंख्यासारखी पसरलेली. पहिल्या आणि शेवटच्या वर्तुळातले सर्वांत मोठे अंतर मोजून ठेवा. जुन्या बॉलचा तुमच्या हातातला खरा फ्लेअर, म्हणजे अक्ष सरकल्याने वर्तुळांचा झालेला पसारा, तो आहे, आणि छापील डिफरन्शियलपेक्षा तो अधिक उपयोगी पडतो. जुन्या बॉलला वेट होल, म्हणजे बोटांसाठी नव्हे तर वजनाचा तोल बदलण्यासाठी पाडलेले जादा छिद्र, असेल तर हे विशेष लागू होते, कारण त्या छिद्राने मूळ आकडे बदललेले असतात आणि 1 ऑगस्ट 2020 पासून बॉलिंग काँग्रेसच्या प्रमाणित स्पर्धांत वेट होल चालत नाही. छापील आकडे वजनानुसारही बदलतात. 12 पौंडांचा बॉल वापरणाऱ्याने 15 पौंडांचे आकडे जुळवण्यात अर्थ नाही.

एका कोअरला दोन स्वभाव कसे मिळतात, याचे चांगले उदाहरण हॅमर या बॉल बनवणाऱ्या कंपनीच्या ब्लॅक विडो मालिकेत आहे. तिचा गॅस मास्क कोअर रिअ‍ॅक्टिव्ह कव्हरमध्येही आला आणि युरेथेनमध्येही. कोअरचे नाव पाहून एकाच्या जागी दुसरा घेणाऱ्याच्या हाती पूर्णपणे वेगळ्या चालीचा बॉल येईल.

म्हणून जोड शोधताना आधी कव्हरची जात ठरवावी, मग तुम्ही मोजलेल्या फ्लेअरला साजेसा डिफरन्शियल पाहावा आणि आरजी त्यानंतर. जुन्या कव्हरमध्ये अनेक खेळांचे तेल मुरलेले असते, पृष्ठभागही घासून गुळगुळीत झालेला असतो, त्यामुळे आपल्याला आवडलेली चाल खोक्यातून काढलेल्या बॉलची नसते. नवा बॉल सुरुवातीला जास्त वळला, तर तो परत करण्याआधी बारीक ग्रिटचा पॅड फिरवून त्याच लेनवर दोन्ही बॉल आळीपाळीने टाकून पाहावेत.