अणूचा आकार वाढला की बंध सैलावतो आणि आकर्षण वाढते

सोलापुरात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, पण अशा दुपारीही क्लोरीन वायुरूपात, ब्रोमीन द्रवरूपात आणि आयोडीन स्थायुरूपातच असते. ही मूलद्रव्ये आवर्तसारणीच्या एकाच गटातली असून त्यांच्या अणूंच्या बाह्यतम कक्षेत प्रत्येकी ७ इलेक्ट्रॉन असतात. फरक आहे तो मुख्यतः अणूच्या आकाराचा.

रेणूतील दोन अणुकेंद्रकांमधले अंतर क्लोरीनमध्ये १९९, ब्रोमीनमध्ये २२८ आणि आयोडीनमध्ये २६७ पिकोमीटर (एक पिकोमीटर म्हणजे मीटरचा एक लाख कोटीवा भाग) असते. अंतर वाढले की बंधातील सामायिक इलेक्ट्रॉनांवरची केंद्रकांची पकड ढिली होते, आणि म्हणून बंध तोडायला लागणारी ऊर्जा अनुक्रमे २४३, १९३ आणि १५१ किलोज्यूल प्रति मोल अशी उतरत जाते. या हिशेबाने याच गटातल्या सर्वांत लहान अणूच्या फ्लोरीनचा बंध सर्वांत बळकट हवा. पण तो केवळ १५९ किलोज्यूलचा आहे, कारण तेथे अणू इतके जवळ येतात की त्यांच्या बंधात नसलेल्या इलेक्ट्रॉन-जोड्या एकमेकींना दूर लोटू लागतात.

मग सैल बंधाचे आयोडीन स्थायू कसे? पदार्थ वितळताना किंवा उकळताना रेणूच्या आतला बंध तुटतो, असा समज शाळेपासून अनेकांच्या मनात घर करून असतो. प्रत्यक्षात तेव्हा रेणू केवळ एकमेकांपासून सुटे होतात. मोठ्या अणूचा इलेक्ट्रॉनमेघ पसरट आणि सहज हलणारा असतो. तो क्षणभर एका बाजूला झुकला की शेजारच्या रेणूचा मेघही झुकतो आणि दोघांत आकर्षण निर्माण होते. भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ लंडन यांनी १९३० मध्ये याचे पुंजवादी स्पष्टीकरण दिले. क्लोरीनचा उत्कलनबिंदू उणे ३४, ब्रोमीनचा ५९ आणि आयोडीनचा १८४ अंश सेल्सिअस आहे तो यामुळेच.

रेणूच्या आतला बंध आणि रेणूंमधले आकर्षण हा भेद सोलापूरच्या टॉवेलांच्या रंगाईलाही लागू पडतो. ‘डायरेक्ट’ रंगांचे लांबट, सपाट रेणू सुती धाग्याला अशाच आंतररेण्वीय बलांनी आणि हायड्रोजन बंधांनी चिकटतात, म्हणून ते धुण्यात थोडेफार सुटतात. ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ रंग मात्र धाग्यातील सेल्युलोजशी सहसंयुज (इलेक्ट्रॉन सामायिक करणाऱ्या) बंधाने जोडले जात असल्यामुळे सहजी निघत नाहीत.