पाण्याचा अतिरेक आणि रक्तातील सोडियम

मूत्रपिंडांना बाहेर टाकता येईल त्यापेक्षा जास्त पाणी थोड्या वेळात पोटात गेले की रक्तातील क्षार, त्यातही मुख्यतः सोडियम, पातळ होतात. रक्तातील सोडियम कमी होण्याला वैद्यकात हायपोनॅट्रेमिया म्हणतात. ठाण्याच्या किंवा वाशीच्या रुग्णालयाबाहेर उभे असलेले नातेवाईक ‘सोडियम उतरलंय’ एवढेच सांगतात. त्याची कारणे अनेक आहेत. या नोंदीत पाण्यामुळे उतरणाऱ्या सोडियमचा विचार केला आहे.

निरोगी माणसाच्या रक्तात दर लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल (क्षारांचे प्रमाण मोजण्याचे एकक) सोडियम असते. साठ किलो वजनाच्या पुरुषाच्या शरीरात साधारण ३६ लिटर पाणी असते. त्याचे सोडियम १४० आहे आणि काही तासांत तीन लिटर जास्तीचे पाणी त्याच्या अंगात साठून राहिले असे धरू. तेच सोडियम आता ३९ लिटरांत वाटले जाते आणि आकडा १२९ च्या आसपास येतो. चिमूटभर मीठही शरीराबाहेर गेलेले नसते. पोटॅशियमवर एवढा परिणाम दिसत नाही, कारण ते बहुतांशी पेशींच्या आत असते.

रक्त पातळ झाले की पाणी पेशींमध्ये शिरते आणि त्या फुगतात. हातापायांच्या पेशींना फुगायला जागा असते, कवटीत बंद असलेल्या मेंदूला नसते. म्हणून लक्षणे मेंदूची असतात: मळमळ, उलटी, डोके ठणकणे, बोलण्यात असंबद्धता. पुढे झटके येतात आणि शुद्ध हरपते. सोडियम १२५ च्या खाली गेले तर अवस्था गंभीर मानतात. मात्र ते किती वेगाने उतरले हे आकड्याइतकेच महत्त्वाचे असते.

आराम करणाऱ्या, नीट जेवणाऱ्या माणसाची मूत्रपिंडे तासाला जवळपास ८०० मिलिलिटर ते एक लिटर पाणी बाहेर काढू शकतात. त्यामुळे दिवसभरात सावकाश प्यायलेल्या चार लिटरांनी सहसा काही बिघडत नाही. दोन गोष्टींमुळे ही क्षमता घटते. पहिली म्हणजे मेंदूतून सुटणारे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक. ते मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवायला लावते. दीर्घ श्रम, वेदना, मळमळ, शस्त्रक्रिया आणि काही औषधे यांमुळे रक्त पातळ असतानाही ते स्रवत राहते. दुसरी म्हणजे अपुरे अन्न. पाणी लघवीवाटे बाहेर पडताना सोबत थोडे क्षार आणि प्रथिनांपासून बनलेला युरिया लागतोच. नवरात्रात नऊ दिवस फक्त पाणी आणि थोड्या फळांवर राहणाऱ्या किंवा चहा-बिस्किटांवर दिवस काढणाऱ्या वृद्ध व्यक्तीला चार-पाच लिटर पाणीही जड जाऊ शकते.

या प्रकाराकडे जगाचे लक्ष वेधले ते लांब पल्ल्याच्या शर्यतींनी. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये अंतिम रेषेवर ४८८ धावपटूंचे रक्त तपासले गेले, त्यांपैकी १३ टक्के जणांचे सोडियम १३५ किंवा त्याहून कमी होते. धावताना वजन वाढणे हा त्यातला सर्वांत बोलका दुवा ठरला. सर्वांत वेगवान धावपटूंपेक्षा रमतगमत धावणाऱ्यांना धोका जास्त, कारण त्यांना घाम कमी येतो आणि प्रत्येक थांब्यावर पाणी प्यायला सवड मिळते.

ठाणे महापालिकेची वर्षा मॅरेथॉन भर पावसाळ्यात होते, तर येऊरच्या चढावर आणि पाम बीच रस्त्यावर वर्षभर सरावाची गर्दी असते. खाडीकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता निथळतो, आणि अंग थंड होत नाही. धावणारा अस्वस्थ होतो व तहान नसतानाही बाटली तोंडाला लावतो. २१ किलोमीटर धावून चक्कर आली, मळमळू लागले की भोवतालचे लोक ‘पाणी द्या, पाणी द्या’ म्हणून धावतात. खरी गफलत इथे होते, कारण उन्हाने किंवा पाणी कमी पडल्याने आलेली ग्लानी आणि पाणी जास्त झाल्याने आलेली ग्लानी वरवर सारखीच दिसते, उपचार मात्र उलटे असतात. जास्त पाण्याच्या रुग्णाची जीभ ओली असते, बोटे सुजून अंगठी रुतते, पोट डबडबलेले असते आणि वजन शर्यतीपूर्वीइतकेच किंवा जास्त भरते. यावरून नुसता अंदाज बांधता येतो. निदान रक्त तपासूनच होते.

पाणी तोडावे, असा याचा अर्थ मुळीच नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावरील महाराष्ट्र भूषण सोहळ्यात उष्माघाताने माणसे दगावली; या पट्ट्यात ऊन हा फार मोठा धोका आहे. तुर्भ्याच्या बाजार समितीत गोणी वाहणाऱ्या माथाडी कामगाराच्या घामावाटे पाणी आणि मीठ दोन्ही जाते. त्याला भरपूर पाणी हवेच, जोडीला पोटभर जेवण, मीठ घातलेले ताक किंवा पेजही हवी. शहाळ्याचे पाणी चांगले, पण त्यात पोटॅशियम जास्त आणि सोडियम थोडे असते, म्हणून गेलेले मीठ त्याने फारसे भरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार बनवलेल्या ओआरएसमध्ये लिटरला ७५ मिलिमोल सोडियम असते. रक्ताच्या मानाने तेही निम्मेच. खेळाडूंसाठी विकल्या जाणाऱ्या रंगीत पेयांत त्याहून बरेच कमी असते. त्यामुळे ही पेये कितीही प्यायली तरी चालतात, हा समज चुकीचा आहे. बहुतेक निरोगी माणसांसाठी तहान लागेल तसे पिणे हाच भरवशाचा नियम; ‘तासाला एवढे लिटर’ असे ठरवून पिण्याला आधार नाही.

सोनोग्राफीच्या आधी मूत्राशय भरण्यासाठी पाणी पिऊन यायला सांगतात. त्यासाठी चार-पाच ग्लास पुरतात. नंबर लवकर लागावा म्हणून बाटल्यांमागून बाटल्या रिचवू नयेत. सहा महिन्यांखालील बाळाला वरचे पाणी देत नाहीत, कारण त्याची मूत्रपिंडे ते झेपवण्याइतकी तयार नसतात. वरचे दूध पातळ करून पाजल्याने तान्ह्या मुलांना झटके आल्याची उदाहरणे बालरोगतज्ज्ञांना परिचित आहेत. रक्तदाबासाठी थायझाइड गटातील, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणारे वृद्ध हा आणखी एक नाजूक गट आहे.

सौम्य प्रकारात पाणी थांबवून लघवी होण्याची वाट पाहिली जाते आणि खारट सूप देतात. झटके किंवा बेशुद्धी असेल तर रुग्णालयात तीन टक्के मिठाचे सलाईन, एका वेळी साधारण १०० मिलिलिटर, शिरेतून देतात. दोन दिवसांहून अधिक काळ हळूहळू उतरलेले सोडियम मात्र घाईने वर आणता येत नाही. चोवीस तासांत आठ-दहा मिलिमोलहून अधिक वाढ झाली तर मेंदूतील मज्जातंतूंचे आवरण उखडते आणि कायमचे अपंगत्व येऊ शकते. म्हणून अशा रुग्णाला घरी मीठपाणी पाजत नाहीत आणि रुग्णालयात दर काही तासांनी त्याचे रक्त पुन्हा तपासले जाते.