चूक ठशाखालची, फेरफार बाजारातला

नाणेप्रदर्शनात हल्ली एक ट्रे हमखास दिसतो. एका बाजूला सरकलेला छाप, चंद्रकोरीसारखा तुकडा उडालेली कड, दोन्हीकडे एकच बाजू असलेला रुपया अशी नाणी त्यात मांडलेली असतात आणि शेजारी 'एरर' अशी चिठ्ठी. भाव दर्शनी किमतीच्या कितीतरी पट. यातली काही खरोखरच टांकसाळीत चुकलेली असतात. बरीचशी मात्र टांकसाळीतून धडधाकट बाहेर पडून नंतर कुणाच्या तरी कानशीखाली किंवा व्हाइसच्या (घट्ट आवळणाऱ्या पकडीच्या) जबड्यात गेलेली असतात. ठसा पडण्याआधी किंवा पडताना जे बिघडले, ती चूक. त्यानंतरचे सगळे एकतर झीज किंवा फेरफार. पण ते कळायला आधी ते नाणे त्याच्या काळात कसे पाडले जायचे हे माहीत हवे, आणि नवे संग्राहक नेमके तेच वगळतात.

नाशिकजवळ जोगलटेंभी इथे 1906 साली चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षत्रप नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारून घेतला होता. सातवाहनांच्या चिन्हांखालून नहपानाचा चेहरा अजून डोकावतो. आजच्या ट्रेमध्ये असे नाणे 'डबल स्ट्राइक', म्हणजे चुकून दोनदा छाप पडलेले, म्हणून सहज खपेल. प्रत्यक्षात ती चूकही नाही आणि लबाडीही नाही. जिंकलेल्याने हरलेल्याच्या चलनावर जाणूनबुजून उमटवलेली ती मुद्रा आहे.

शिवराईच्या, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाच्या तांब्याच्या नाण्याच्या बाबतीत तर हा घोळ रोजचाच. तांब्याची चकती खालच्या ठशावर ठेवायची, वरचा ठसा धरायचा आणि हातोडा मारायचा. ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही अक्षरे पूर्ण बसलेली शिवराई मिळणे हेच नवल. 'छत्र' आहे आणि 'पति' कडेबाहेर गेले, म्हणून ती 'ऑफ सेंटर एरर' होत नाही. पेशवाईतल्या दुदांडी शिवराईलाही हेच लागू. हाताने पाडलेल्या रुपयांवरची बारीक टिंबे, चांदण्या, फुलेही टांकसाळीची नव्हेत; नाणे पारखल्यावर सराफाने उमटवलेल्या त्या खुणा.

त्या काळातला फेरफार धातूसाठी व्हायचा. कड थोडी छाटायची, निघालेली चांदी गोळा करायची आणि रुपया पुन्हा बाजारात सोडायचा. म्हणून सराफ नाणे वाजवून, तोलून घ्यायचा आणि कमी भरले तर बट्टा कापायचा. 'बंदा रुपया', 'खणखणीत नाणे', 'नावाला बट्टा' हे आपले रोजचे शब्द याच व्यवहारातून आले आहेत. इतक्या पिढ्या ही पारख भाषेत मुरलेली असताना आपण चिठ्ठीवर विश्वास ठेवून पैसे मोजतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

चित्र बदलले ते यंत्राने. मुंबईच्या फोर्टातली टांकसाळ 1824 ते 1829 या काळात उभी राहिली आणि तिथे वाफेवरची यंत्रे आली. 1835 च्या कायद्याने कंपनी सरकारचा रुपया 180 ग्रेनचा, म्हणजे एक तोळा, 11.66 ग्रॅम ठरला. चकती आता पोलादी कड्यात, कॉलरमध्ये बसू लागली. दाब पडला की धातू पसरून कड्याला भिडतो. त्यामुळे गोलाई एकसारखी येते आणि कडेला दाते उमटतात. दाते घासले गेले की छाटणी लगेच उघडी पडते. सगळी नाणी एकसारखी व्हायला लागली, तेव्हाच एखादे वेगळे निघाले तर त्याला चूक म्हणण्यात अर्थ आला.

यंत्राची चूक यंत्राच्याच क्रमाने होते, म्हणून तिचा माग काढता येतो. उडालेल्या तुकड्याचेच पाहा. धातूच्या पट्टीतून चकत्या कापताना पट्टी नीट पुढे सरकली नाही, तर नवी चकती आधीच्या भोकावर येते आणि तिचा अर्धगोल लचका जातो. मग तिची कड उचलण्यासाठी ती दाबली जाते, पण लचक्याच्या बाजूला आधार नसल्याने अगदी समोरच्या बाजूलाही पुरेसा दाब बसत नाही. म्हणून खऱ्या नाण्यात लचक्याच्या बरोबर समोरची कड बहुधा फिकी, दबलेली असते. लचक्याजवळची अक्षरेही निमुळती होत जातात, कारण छाप पडताना धातू तिकडे ओढला गेलेला असतो. नंतर कापलेल्या नाण्यात समोरची कड ठणठणीत असते आणि अक्षर सुरीने चिरल्यासारखे मध्येच तुटते.

'लखी' या नावाने विकल्या जाणाऱ्या नाण्यांची मागणी सर्वात मोठी, म्हणून फसवणूकही तिथेच जास्त. पाडलेले नाणे बाहेर न पडता एका ठशाला चिकटून राहते आणि पुढची कोरी चकती त्या नाण्यावरच दाबली जाते. तिच्या एका बाजूला नेहमीचा उठावदार छाप येतो, दुसरीकडे तोच छाप उलटा आणि खोलगट. मला एकाने असा रुपया दाखवला होता. उलटा अंक खोलगट होता, पण भिंगाखाली त्याच्याच आरपार मूळ बाजूची सपाट झालेली अक्षरे दिसत होती. खऱ्या लखीत ती असणे शक्य नाही, कारण चकती कोरीच असते. तो रुपया दुसऱ्या रुपयाला चिकटवून व्हाइसमध्ये आवळलेला होता. मागच्या बाजूचा उठावही चेपलेला. सांगितलेला भाव दोन हजार.

कायद्याने हे फार आधी ओळखले होते. 1860 च्या, 2024 पर्यंत लागू असलेल्या भारतीय दंड संहितेतली कलमे 246 ते 249 नाण्याचे वजन कपटाने घटवणे, आणि ते दुसऱ्या प्रकारचे म्हणून चालावे यासाठी त्याचे रूप बदलणे, याबद्दलची होती. तेव्हा डोळ्यांसमोर बाजारात खपवणारा होता. संग्राहकाला फसवणारा नंतर आला. मुंबई टांकसाळीचा 1939 चा सहाव्या जॉर्जचा रुपया त्याचे ठळक उदाहरण. पुढच्याच वर्षी रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि 1939 चे रुपये आज फार थोडे दिसतात. 1938 चे मात्र मुबलक. आठाच्या खालच्या गोलाची डावी बाजू खरवडली की नऊ होतो. इथे वजनकाटा काहीच सांगत नाही, कारण चांदी खरी, वजन खरे, टांकसाळही खरी. अंकाभोवतीची जागा तिरकी धरून पाहायची. मूळ तकाकी जाऊन तिथे बारीक रेघा आलेल्या असतात.

अमेरिकेतला 1943 चा सेंट याच जातीचा. युद्धामुळे त्या वर्षी सेंट जस्त चढवलेल्या पोलादाचे झाले आणि शिल्लक राहिलेल्या ब्राँझच्या काही चकत्या चुकून यंत्रात गेल्या. तेव्हापासून पोलादी सेंटवर तांब्याचा मुलामा देण्याचा धंदा चालला आहे. तिथे निदान लोहचुंबक उपयोगी पडते.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जुन्या नोटा-नाण्यांच्या ऑनलाइन खरेदी-विक्रीत आपले नाव वापरून शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहायला सांगितले. पण बाजारात नवे नमुने येतच असतात. सध्याचा आवडता नमुना म्हणजे आतली चकती उलटी बसलेले दहा रुपये. या नाण्यात बाहेरचे कडे आणि आतली चकती एकाच वेळी, एकाच ठशाखाली दाबली जातात आणि त्या दाबानेच एकमेकांत घट्ट बसतात. चकती आणि कडे वेगवेगळ्या बाजूंचे असणे टांकसाळीत घडूच शकत नाही. जोडावर भिंग धरा: चकती ठोकून काढल्याचे आणि परत बसवल्याचे ओरखडे गोलाकार दिसतात, आणि बहुतेकदा अंगठ्याने दाबले तरी ती जरा हलते.